माहीमच्या खाडीवरील दोन सेतू : बांधणी, पथकर आणि निगा

१. विषयाची मांडणी

मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील माहीमची खाडी तिच्या मुखापाशी ओलांडण्याचे, लोहमार्ग सोडल्यास, आज दोन मार्ग आहेत. एक, एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात बांधलेला माहीमचा कॉजवे. दुसरा, २००९ साली खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू. पहिल्यावरून जाणाऱ्यास काहीही द्यावे लागत नाही. दुसऱ्यावर मोटारीसाठी एका फेरीचा पथकर १ एप्रिल २०२४ पासून १०० रुपये ठरला आहे. एकाच पाण्यावरचा एक मार्ग मोफत आणि दुसरा सशुल्क, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकास जशी विचारार्ह वाटेल तशीच शब्दार्थाच्या अभ्यासकासही वाटावी. कारण 'टोल' आपण नेमका कशाचा देतो, पूल बांधल्याचा की पूल राखल्याचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलण्यात संदिग्ध राहिलेले आहे. आणि ही संदिग्धता केवळ शब्दांपुरती नाही. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या पुलाची निगा चुकली म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर घडलेली आहेत.

प्रस्तुत लेखात या दोन सेतूंचा इतिहास थोडक्यात सांगून, त्यांच्याशी निगडित अशा काही शब्दांच्या आधारे पथकर आणि निगा यांचा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. स्थापत्यशास्त्राचा तपशील विवेचनाला आवश्यक तेवढाच घेतला आहे.

२. खाडी आणि तर

प्रथम स्थळनामाविषयी. भरतीचे पाणी ज्या जलमार्गाने भूमीत आतवर शिरते त्यास मराठीत 'खाडी' म्हणतात. समुद्राचा किनाऱ्याच्या बाकात सामावलेला रुंद भाग, त्यास भूगोलाच्या पुस्तकांत 'उपसागर' हे नाव आहे. माहीम येथे या दोन्ही गोष्टी आहेत. मिठी नदी ज्या चिंचोळ्या, तिवरांनी वेढलेल्या पात्रातून समुद्राला मिळते ती खाडी. आणि वांद्र्याचा किल्ला व वरळीचा किल्ला या दोन टोकांमध्ये पसरलेले पाणी तो उपसागर. लोकव्यवहाराने मात्र दोहोंना 'माहीमची खाडी' हे एकच नाव दिलेले आहे. हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण कॉजवे खाडीच्या मुखावर घातलेला आहे, तर सागरी सेतू उपसागराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो.

या पाण्याने दीर्घकाळ दोन भूभाग वेगळे केले, तशीच दोन राज्येही वेगळी केली. मुंबई इंग्रजांकडे आल्यानंतरही साष्टी प्रथम पोर्तुगीजांकडे आणि नंतर मराठ्यांकडे होती. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हापासून खाडीचे दोन्ही काठ एका सत्तेखाली आले, परंतु एका रस्त्याने जोडले जाण्यास त्यानंतर साठ वर्षे लागली. या काळात ये-जा होई ती तरीने.

'तर' म्हणजे नावेने पैलतीरी जाण्याची सोय. संस्कृत 'तॄ' या धातूपासून आलेला हा शब्द कोकणात अजूनही परिचित आहे. तरीबरोबर तिचे शुल्कही आले, आणि या शुल्काचा विचार आपल्या प्राचीन ग्रंथांत बराच तपशिलाने झालेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रिकाम्या गाडीस एक पण, एका माणसाच्या ओझ्यास अर्धा पण, असे दर सांगितले आहेत. भरलेल्या गाडीचे शुल्क मालाच्या मोलाप्रमाणे घ्यावे असे म्हटले आहे. आणि गर्भवती स्त्रिया, संन्यासी इत्यादींना सूट दिलेली आहे. वाहनाच्या प्रकाराप्रमाणे दर आणि काहींना माफी, ही आजच्या टोलनाक्यावरील फलकाची रचना इतकी जुनी आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नावाड्यांच्या दोषाने काही नुकसान झाले तर ते नावाड्यांनी मिळून भरून द्यावे, दैवी आपत्तीबद्दल मात्र त्यांना दंड नाही, असा नियम मनूने लगेच जोडला आहे. कौटिल्याने तर ही जबाबदारी थेट सरकारी अधिकाऱ्यावर टाकली. पुरेशी माणसे किंवा साधने नसल्यामुळे, अथवा नाव दुरुस्त न ठेवल्यामुळे ती बुडाली, तर झालेले नुकसान नावध्यक्षाने भरून द्यावयाचे आहे. डागडुजी न केलेल्या नावेसाठी तेथे 'असंस्कृत' हे विशेषण वापरले आहे. 'संस्कार' या शब्दाचा नीट करणे, सज्ज राखणे हा अर्थ आज आपण विसरलो आहोत. अर्थशास्त्रात तो जिवंत आहे. तात्पर्य, तरीचे शुल्क हे नाव बांधण्याच्या खर्चाची फेड म्हणून घेतले जात नव्हते. पैलतीरी सुरक्षित पोहोचविण्याचा तो मोबदला होता, आणि नाव सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व त्या मोबदल्यातच अंतर्भूत होते.

३. आवाबाईंचा सेतू

मुंबई बेटाला साष्टीशी जोडणारा पहिला मोठा रस्ता माहीमला झाला नाही, तो शीव येथे झाला. जोनाथन डंकन हे गव्हर्नर असताना १७९८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्यामुळे कुर्ल्याकडची वाट सुकर झाली, तरी वांद्रे आणि त्याच्या उत्तरेकडील गावांतल्या लोकांना तो मार्ग वळशाचा होता. त्यांना माहीमचे पाणी होडीनेच ओलांडावे लागे, आणि पावसाळ्यात व भरतीच्या ओढीत हे ओलांडणे धोक्याचे होते.

येथे रस्ता व्हावा ही मागणी वारंवार झाली; परंतु कंपनी सरकार त्यासाठी पैसा देण्यास तयार नव्हते. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी पुढे येऊन सुमारे १,५७,००० रुपये दिले. त्या देणगीला एक अट होती : या मार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून सरकारने कर घेऊ नये. हे काम १८४६ पर्यंत पूर्ण होऊन मार्ग वापरात आला. माहीमपासून दादरकडे येणाऱ्या हमरस्त्याला आजही लेडी जमशेटजी यांचे नाव आहे.

ही अट सामान्य नव्हे. त्या काळात असा मार्ग बांधणाऱ्याने त्यावर कर घ्यावा हीच रीत होती. आवाबाईंनी बांधणीचा सर्व भार एकदाच उचलून ती रीत या ठिकाणापुरती बंद केली. बांधणीसाठी कर्ज नाही, म्हणून फेड नाही, आणि फेड नाही म्हणून कर नाही, असा हा सरळ हिशेब होता. मात्र या हिशेबात निगेचे कलम नव्हते. देणगी मार्ग बांधून झाल्यावर संपली. मार्ग राखण्याचे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते आजतागायत चालू आहे. त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर पडला, म्हणजे जे त्या मार्गाने कधीही गेले नाहीत अशांवरही पडला. तेव्हा मोफत मार्ग हा बिनखर्चाचा मार्ग नसतो, एवढे त्यावरून ध्यानात येते. त्याचा खर्च फक्त नाक्यावर दिसत नाही.

येथे 'सेतू' या शब्दाचा थोडा विचार करणे उचित होईल. संस्कृतात 'सि' म्हणजे बांधणे, आणि त्यापासून 'सेतु'. या शब्दाचा जुना अर्थ कमानीवर किंवा खांबांवर उभारलेला पूल असा नाही, तर पाण्यात घातलेला बांध असा आहे. शेताच्या कडेचा बांधही सेतू आणि तलावाचा बंधाराही सेतू. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटले आहे, ते जोडणारा म्हणून नव्हे, तर लोक एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांना वेगळे धरून ठेवणारा म्हणून. सेतूच्या माथ्यावरून चालत जाता येते, म्हणून तो जोडतो; आणि तो पाणी अडवतो, म्हणून वेगळेही करतो. या मूळ अर्थाने पाहिले तर माहीमचा कॉजवे, म्हणजे भराव घालून व पाण्याला मर्यादित वाट ठेवून केलेला मार्ग, हाच खरा सेतू होय. त्याला मात्र आपण इंग्रजी नावाने ओळखतो, आणि 'सेतू' हे नाव दिले ते खांबांवर उभ्या असलेल्या, तारांनी तोललेल्या पुलाला. खांबांवरच्या बांधकामाला मराठीत रूढ असलेला शब्द 'पूल', तो फारसीतून आला. नवे मोठे पूल बांधले जाऊ लागल्यावर नामकरणासाठी 'सेतू' शब्दाला पुन्हा प्रतिष्ठा आली. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी–न्हावा शेवा मार्गही 'अटल सेतू' झाला. बोलण्यात मात्र वांद्रे–वरळी सेतूला बहुतेक लोक 'सी लिंक' असेच म्हणतात.

४. सागरी सेतू

कॉजवे बांधला गेला तेव्हा त्यावरून बैलगाड्या आणि घोडागाड्या जात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तोच पश्चिम उपनगरांतून शहरात येण्याचा प्रमुख रस्ता झाला होता. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ आणि सहकारी या सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा जो आराखडा केला, त्यात पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या द्रुतगती मार्गाची कल्पना होती. सागरी सेतू हा त्या कल्पनेचा, पुष्कळ उशिरा प्रत्यक्षात आलेला, एक भाग म्हणता येईल.

हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आले. १९९९ मध्ये पायाभरणी झाली. मूळ अंदाज ६६० कोटी रुपयांचा होता आणि काम पाच वर्षांत व्हावयाचे होते. मच्छीमारांचे आणि पर्यावरणाच्या अभ्यासकांचे आक्षेप आले, न्यायालयात याचिका झाल्या, आराखडा बदलला. मार्ग सुमारे १५० मीटर समुद्रात सरकवावा लागला, आणि वरळीच्या कोळ्यांच्या होड्यांना वाट राहावी म्हणून त्या टोकालाही तारांनी तोललेला भाग योजावा लागला. खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेला. ३० जून २००९ रोजी आठपैकी चार मार्गिका खुल्या झाल्या, आणि २४ मार्च २०१० पासून सर्व आठ वापरात आल्या. जोडरस्त्यांसह एकूण लांबी सुमारे ५.६ किलोमीटर आहे. वांद्र्याच्या बाजूचा मनोरा १२८ मीटर उंच असून त्याच्या दोन्ही अंगांस २५० मीटरांचे गाळे आहेत. तेथील २६४ आणि वरळीच्या बाजूच्या १६० अशा एकूण ४२४ केबलींवर हे दोन भाग तोललेले आहेत.

या सेतूवर पादचाऱ्यांना, दुचाकींना आणि तीनचाकींना प्रवेश नाही. म्हणजे दोन मार्गांमधला फरक केवळ पैशाचा नाही, प्रवाशांच्या वर्गाचाही आहे. आवाबाईंच्या मार्गावरून आजही पायी जाणारा माणूस जातो. सागरी सेतू ज्यांच्यासाठी आहे त्यांनी त्याचा खर्च सोसावा, या युक्तिवादाला त्यामुळे निश्चितच बळ येते. पथकर हा सर्वांवरचा कर नाही, आणि शेजारी मोफत मार्ग उपलब्ध आहे. पथकराच्या बाजूने याहून चांगले समर्थन सापडणे कठीण आहे. तरीही तो कशाचा मोबदला आहे हा प्रश्न शिल्लक राहतोच.

५. जकात, टोल, उतराई

रस्त्यावर किंवा नाक्यावर द्यावयाच्या पैशाला मराठीत जुना रूढ शब्द 'जकात'. अरबीत 'जकात' हा धर्माने सांगितलेला दानरूप कर. त्या शब्दाच्या मुळाशी शुद्धी आणि वृद्धी हे अर्थ आहेत. आपल्याकडे येताना त्याचा धार्मिक आशय गळाला आणि मालावरचा कर एवढाच अर्थ उरला. मुंबईत २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर जकात गेली. शब्द आता आठवणीपुरता उरला आहे. सरकारी परिभाषेत 'पथकर' हा शब्द आहे आणि तो अर्थाला नेमका आहे, पण तो फलकावर राहिला. बोलण्यात आला तो 'टोल'. इंग्रजीतील हा शब्द लॅटिनमार्गे ग्रीक भाषेपर्यंत मागे नेता येतो. तेथे कर वसूल करण्याच्या जागेला 'तेलोनिऑन' म्हणत.

'टोल' मराठीत किती मुरला याची खूण त्याच्या सामासिक रूपांत दिसते. टोलनाका, टोलवसुली, टोलमुक्ती हे समास सहज झाले. वृत्तपत्रांनी 'टोळधाड'वरून 'टोलधाड' हा श्लेष केला आणि तो लोकांनी उचलला. एखाद्या परकी शब्दावर मराठी माणूस कोटी करू लागला की तो शब्द घरचा झाला असे समजावे. या कोटीमागे रागही आहे. राज्यात टोलविरोधी आंदोलने झाली. २०१५ मध्ये शासनाने १२ नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. सागरी सेतूवर मात्र पथकर चालू राहिला. २००९ मध्ये मोटारीस एका फेरीचे ५० रुपये असलेला हा दर ठरावीक वर्षांनी वाढत २०२१ मध्ये ८५ आणि २०२४ मध्ये १०० झाला.

लोकांच्या या रागात एक ठरावीक वाक्य नेहमी ऐकू येते : पुलाचा खर्च कधीच वसूल झाला, मग टोल कशाला? हे वाक्य विचारपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्यात पथकर म्हणजे कर्जाची फेड, आणि फेड संपली की पथकर संपावा, अशी समजूत गृहीत धरलेली आहे. 'उतराई' या शब्दाची दोन भाषांतील वाटचाल येथे उद्बोधक ठरते. हिंदीत 'उतराई' म्हणजे नावेने पार उतरविण्याचे भाडे. मराठीत 'उतराई होणे' म्हणजे उपकाराची फेड करून ऋणातून मोकळे होणे. दोन्हींचा संबंध 'उतरणे' या क्रियापदाशी जोडता येतो, पण अर्थ वेगळे आहेत. भाडे प्रत्येक खेपेला द्यावे लागते, कारण सेवा प्रत्येक खेपेला मिळते. ऋण मात्र एकदा फिटले की फिटले. टोलविषयीचा आपला वाद हिंदी उतराई आणि मराठी उतराई यांच्यामधला आहे असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. घेणारे त्याला कधी फेड म्हणतात, कधी भाडे. देणारे त्याला केवळ फेड समजतात.

६. बांधणे आणि राखणे

ही गफलत का होते? तिचे एक कारण क्रियापदांच्या स्वभावात आहे. 'बांधणे' ही क्रिया पूर्णतेला पोहोचते. पूल बांधला, म्हणजे काम संपले. उद्घाटनाचा दिवस ठरतो, कोनशिला बसते, खर्चाचा आकडा निघतो. 'राखणे' ही क्रिया पूर्ण होत नाही. ती फक्त चालू असते किंवा थांबते. 'निगा राखली' असे आपण म्हणतो, तेव्हा तेवढ्या काळापुरते म्हणतो. पहिल्या प्रकारच्या क्रियेला किंमत असते, दुसऱ्या प्रकारच्या क्रियेला खर्च असतो. इतिहास लिहिणारे आणि हिशेब मागणारे दोघेही पहिल्या क्रियेकडे वळतात, कारण तिला तारीख असते.

निगेसाठी आपल्याकडे असलेले शब्दही अर्थपूर्ण आहेत. 'निगा' हा फारसी 'निगाह' पासून आला. त्याचा मूळ अर्थ नजर. 'देखभाल' या जोडशब्दातील दोन्ही अंगे पाहण्याचीच आहेत. 'दुरुस्ती' मात्र वेगळी. 'दुरुस्त' म्हणजे धड, नीट, म्हणून दुरुस्ती म्हणजे मोडलेले धड करणे. भाषेने येथे एक क्रम सांगून ठेवला आहे : आधी पाहणे, मग नीट करणे. समुद्रातल्या पुलाच्या बाबतीत हा क्रम अक्षरशः खरा आहे, कारण तेथील बिघाड प्रथम न दिसणाऱ्या जागी सुरू होतो.

काँक्रीटमधील पोलाद सुरक्षित राहते ते काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. त्यामुळे पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून असतो. समुद्राच्या पाण्यातील व हवेतील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपतात आणि पोलादापर्यंत पोहोचले की हा थर भंगतो. मग गंज धरतो. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीटला तडे जातात, तड्यांतून आणखी क्षार व ओल शिरते, आणि प्रक्रिया वेगावते. सतत पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा, भरती-ओहोटीने आणि लाटांच्या तुषारांनी आळीपाळीने भिजणारा व वाळणारा पट्टा अधिक धोक्याचा असतो, कारण तेथे क्षार आणि प्राणवायू दोन्ही मुबलक मिळतात. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती पाच मीटरांच्या आसपास पोहोचते, म्हणजे हा पट्टा बराच रुंद आहे.

प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये हा धोका अधिक गहन होतो. तेथे उच्च ताणाखालील पोलादी तारा नळ्यांत घालून काँक्रीटच्या पोटात बंद केलेल्या असतात. त्या गंजल्या तर बाहेरून लवकर कळत नाही, आणि ताणाखालची तार तुटते ती पूर्वसूचना न देता. गोव्यात मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो बांधून वीस वर्षेही झालेली नव्हती. १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला. सेतू गेला आणि तर परत आली. ठाण्याच्या खाडीवर १९७३ मध्ये खुला झालेल्या पहिल्या पुलालाही गंजाने ग्रासले आणि १९९७ मध्ये शेजारच्या दुसऱ्या पुलावर वाहतूक न्यावी लागली. शेदोनशे वर्षांचे दगडी बांधकाम पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना काँक्रीटचे हे अल्पायुष्य अविश्वसनीय वाटते. पण ते निगेअभावीचे आयुष्य आहे, काँक्रीटचे नैसर्गिक आयुष्य नव्हे.

केबलींवर तोललेल्या पुलाला आणखी एक कर्तव्य जोडलेले असते. प्रत्येक केबल ही जस्ताचा मुलामा दिलेल्या अनेक तारांची जुडी असून तिच्यावर बाहेरून प्लास्टिकचे आवरण असते. आवरणाला चीर गेली किंवा खालच्या टोकाच्या बंधात पाणी साचले, तर तारांना गंज धरू शकतो. म्हणून आवरणे, टोकांचे बंध आणि वाऱ्याने होणारी थरथर शमविणारी साधने यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. प्रत्येक केबलीतील ताण योजल्याइतका आहे की नाही हे तिच्या कंपनाच्या गतीवरून काढता येते. तत्त्व तंबोऱ्याचेच आहे : तार सैल झाली की स्वर उतरतो. एकीचा ताण घटला तर तिचा भार शेजारच्या केबलींवर जातो, म्हणून हा 'स्वर' जुन्या मोजणीशी ताडून पाहावा लागतो. याशिवाय गाळ्यांखालची बेअरिंगे, उन्हाने लांबणाऱ्या-आखडणाऱ्या भागांमधील प्रसरण-सांधे, पाणी वाहून जाण्याच्या वाटा, रस्त्याचा पृष्ठभाग ही सर्व अंगे पुलाच्या मानाने अल्पायुषी आहेत. ती बदलत राहणे हाच पूल टिकविण्याचा उपाय असतो. यांपैकी कोणत्याही कामाला उद्घाटन नसते. ते वेळेवर झाले याचा पुरावा एवढाच की काही घडले नाही.

७. पाण्याची निगा

सेतूची निगा म्हणजे केवळ बांधकामाची निगा, असे समजणे अपुरे ठरेल. सेतू पाण्यात असतो, आणि त्याच्यामुळे पाण्याची वाटही बदलते. कॉजवेने मिठीच्या मुखाला मर्यादा घातली. पुढे त्याच्या शेजारून लोहमार्ग गेला. त्यानंतर दोन्ही काठांवर भराव पडत गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या काठचा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा या अडलेल्या मुखाकडे सर्वांचे लक्ष वेधले. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पुराचा अभ्यास केला, आणि सागरी सेतूच्या वांद्र्याकडील भरावाविषयीही त्या काळी प्रश्न उपस्थित झाले. एका मार्गाला दोष देण्यात अर्थ नाही. मुख हळूहळू, अनेकांच्या हातून आकसले. परंतु सेतूच्या मूळ अर्थात अडविणेही आहे, हे विसरल्याने काय होते ते त्या दिवशी दिसले. गाळ काढणे आणि मुख मोकळे राखणे ही सुद्धा सेतूचीच निगा होय.

तीच गोष्ट कोळ्यांच्या वाटेची. पुढे वरळीजवळ सागरी किनारा मार्गाचे काम चालू असता, होड्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन खांबांमधील अंतर वाढवावे अशी मागणी वरळीच्या मच्छीमारांनी लावून धरली, आणि ६० मीटरांऐवजी १२० मीटरांचे अंतर मान्य झाले. वरून जाणाऱ्याकडून शुल्क घेताना खालून जाणाऱ्याचा हक्क राखणे हेही सेतूच्या दायित्वात मोडते. सप्टेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन टप्प्यांत हा किनारा मार्ग सागरी सेतूला जोडला गेला. तो महानगरपालिकेने बांधला आणि त्यावर पथकर नाही. त्यामुळे एकाच सलग प्रवासात मोफत आणि सशुल्क असे दोन्ही भाग येतात; आणि समुद्राची हवा दोन्ही भागांवर सारखीच काम करते.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा मांडता येईल. तरीच्या शुल्कात नाव सुस्थितीत राखण्याचे दायित्व होते. ते शुल्क घेणाऱ्यावर होते आणि ते चुकले तर नुकसानभरपाई होती. आवाबाईंनी बांधणीचे मोल एकदम चुकवून शुल्क दूर केले, पण राखण्याचा खर्च सर्वांच्या खात्यावर राहिला. सागरी सेतूने शुल्क परत आणले. मात्र त्याची चर्चा बांधणीच्या खर्चाभोवती फिरत राहिली आणि राखण्याचे कलम नजरेआड झाले. पथकराला विरोध करणारा आणि त्याचे समर्थन करणारा, दोघेही 'किती वसूल झाले' हाच प्रश्न विचारतात. 'गेल्या वर्षी किती केबली तपासल्या, किती सांधे बदलले, त्यासाठी किती पैसा राखून ठेवला' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

म्हणून पथकराच्या हिशेबात फेड आणि निगा ही दोन कलमे स्वतंत्र दाखविणे, आणि दोहोंना स्वतंत्र नावे देणे, हे केवळ प्रशासनाच्या सोयीचे नाही; विचाराच्या स्पष्टतेसाठी ते आवश्यक आहे. फेड संपेल तेव्हा ती संपल्याचे जाहीर व्हावे आणि तेवढा भाग कमी व्हावा. निगा संपणार नाही. तिचा भार मार्ग वापरणाऱ्यांनी उचलावा की सर्वांनी, याची चर्चा मोकळेपणाने व्हावी. मोफत मार्गांनाही हेच लागू आहे : त्यांच्या निगेचे कलम अंदाजपत्रकात कोठे आहे, हे नागरिकाला सहज सापडले पाहिजे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठीही येथे काम आहे. खाडीकाठच्या वस्त्यांत तर, उतार, धक्का, भरती-ओहोटी यांसंबंधीचे शब्द अजून वृद्धांच्या तोंडी आहेत. पूल आणि नाके यांवर काम करणाऱ्या माणसांनी तपासणीच्या व दुरुस्तीच्या कामांना दिलेली नावेही कोठे नोंदलेली नाहीत. परिभाषा समितीने घडविलेले शब्द आणि कामकऱ्यांनी घडविलेले शब्द यांची तुलना करणारा संग्रह झाला, तर तो शब्दकोशाला उपयोगी पडेल. ज्या कामाला नाव असते ते काम मागता येते, आणि झाले नाही तर त्याचा जाब विचारता येतो. कौटिल्याला 'असंस्कृत' हा शब्द उपलब्ध होता, म्हणून तो नावध्यक्षाकडून भरपाई मागू शकला.